विचारल्याशिवाय ठेवायचं नाही

आमच्या मारेगावात बैल का लंगडतो असं विचारलं, तर चारातला एखादा तरी "मले नाही समजत बाप्पा" म्हणून मोकळा होतो. कॉम्प्युटर आपोआप का बंद पडतो, यावर असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, ज्यांनी त्याचं बटण जन्मात दाबलं नाही, त्यांच्याकडेही याचं उत्तर तयार असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि ते उत्तर ऐकायला चहा आपण पाजायचा असतो. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी इतक्या शहाण्यांना चहा पाजला, की शेवटी बायकोनं साखरेचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला.

कॉम्प्युटर तसा जुना. बहीण कॉलेजात होती तेव्हा वडिलांनी तिच्यासाठी घेतलेला. ती शिकली, नोकरीला पुण्याला गेली, तिकडंच तिचं लग्न झालं, वडील गेले, आणि कॉम्प्युटर आमच्या समोरच्या खोलीत होता तिथंच राहिला. टेबलावर स्क्रीन आणि टेबलाखाली जमिनीवर त्याचा डबा. त्या डब्याला सीपीयू म्हणतात हे मला माहीत आहे, पण आमच्या घरी त्याला डबाच म्हणतात. माझं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि खतं विकतो, माझं सगळं काम फोनवर भागतं. मला त्या डब्याची काही गरज नव्हती. गरज होती ती आईला.

आईला ऐकू येत नाही. कान एकदम गेले नाहीत, हळूहळू गेले. कानाची मशीन आणली, ती तिनं दोन दिवस लावली आणि काढून ठेवून दिली. म्हणाली, "सारं गाव एकदमच ओरडते याच्यात." तेव्हापासून ती ओठ वाचते. कुणी शिकवलं नाही, गरजेनं आलं. मात्र तिच्या अटी आहेत. समोरच्याचं तोंड उजेडात पाहिजे, चांगलं मोठं दिसलं पाहिजे, आणि बोलणं आपल्याकडचं पाहिजे. आमचे पुण्याचे जावई शुद्ध बोलतात, त्यातलं आईला काही लागत नाही. ती नुसती मान हलवते आणि ते गेल्यावर मला विचारते, "काय म्हणत होते जवाई?" गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून बोलणाऱ्यांचं तर तिला अक्षरही समजत नाही. आमच्या भागात याचा अर्थ असा, की अर्ध्या पुरुषांशी तिचं बोलणंच बंद झालं. त्यात तिचं फार नुकसान झालं असं मला वाटत नाही.

फोनच्या स्क्रीनवर बहिणीचे ओठ मुंगीएवढे दिसतात. म्हणून कॉम्प्युटर. दुपारची जेवणं झाली की मी दुकानातून येऊन व्हिडिओ कॉल लावून द्यायचो, आणि बहिणीचं तोंड खरोखरच्या तोंडाएवढं समोर यायचं. ती आईशी बोलताना पुणं बाजूला ठेवून "मले, तुले" करायची, ओठ सावकाश हलवायची. आई टेबलासमोर चटईवर बसायची आणि उत्तरं द्यायची. तिचा तेवढा तास कुणी मोडायचा नाही.

आमच्या घरचा एक नियमही सांगून ठेवतो. फोन ठेवायच्या आधी "ठेवू?" असं विचारायचं. समोरचं माणूस "ठेव" म्हणालं की मगच ठेवायचं. वडिलांचा नियम, पण तो पाळून घेणारी आई. न विचारता फोन ठेवणं म्हणजे तिच्या लेखी आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं. लहानपणी आत्याचा फोन मी असाच खाली ठेवला होता, तर मला परत लावून आत्याला विचारायला लावलं होतं, की आता ठेवू का.

तर बहिणीला दिवस गेले. पहिलंच, आणि लग्नाला बरीच वर्षं झाल्यावरचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आईनं दिवाळीच्या आधीच आतली खोली सारवून, झटकून ठेवली होती. आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास नाही, जिना नाही, पडून राहायचं. ती येऊ शकत नाही म्हटल्यावर मी आईला म्हणालो, तूच जा. तर ते नाही. लेकीला लेकरू झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हीही रीतच. माझ्या बायकोनं सुचवून पाहिलं की पाणी इकडून नेता येईल. आईनं तिच्याकडं असं पाहिलं की तो विषय तिथंच संपला.

जायचं नाही, यायचं नाही. मग आईनं तिला जमतं ते केलं. लेकीची सुखरूप सुटका होऊ दे म्हणून महादेवाला लाख वाती बोलली. आमच्याच वावरातला कापूस टोपल्यात घ्यायचा, बोटांनी सरकी काढायची, मग तो पिंजायचा, अगदी धूर व्हावा इतका मोकळा करायचा, आणि राखेत बोटं बुडवून मांडीवर वात वळायची. विकतचा साफ कापूस चालत नाही, दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही. हात रिकामे ठेवणं तिला पाप वाटतं, म्हणून बहिणीशी बोलतानाही टोपलं मांडीशी असायचंच. डोळे लेकीच्या ओठांवर आणि हात कापसात.

संक्रांत झाली आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

त्याचं बंद पडणं मोठं उद्धट होतं. काही सूचना नाही, काही अक्षरं नाहीत. बहीण बोलत असायची, टेबलाखालचा डबा घरघरायला लागायचा, घरघर वाढत जायची आणि टक्. स्क्रीन काळी. वरचा पंखा फिरतोय, ट्यूब जळतेय, हा एकटाच मेलेला. थोड्या वेळानं बटण दाबलं की काही झालंच नाही असा चालू. आईला ती घरघर कुठून ऐकू येणार. तिला दिसायचं एवढंच, की लेक बोलता बोलता गेली.

पहिल्या एक-दोन वेळा ती टोपलं उचलून आत गेली. नंतर एकदा काळ्या स्क्रीनकडं पाहत म्हणाली, "ठेवला तिनं."

मी तिच्या समोर जाऊन बसलो. "नाही व आई. मशीन बंद पडली."

"इचारलं नाही," ती म्हणाली. "ठेवू म्हून इचारलं नाही."

"मशीनच बंद पडली तर ती इचारंल कशी?"

"तू बसतं तवा तं नाही बंद होत. ती माह्यासंग बोलते तवाच काहून होते?" मग टोपल्यातला कापूस घेतला आणि खाली मान घालून म्हणाली, "कंटाळा येत असंल तिले. एक गोठ दोनदा सांगा लागते मले."

आईशी वाद असाच संपतो. ती खाली पाहायला लागली की तुमचं म्हणणं तिच्यापुरतं बंद. मी बोलत राहिलो, ती वात वळत राहिली. आणि मला आतून फार वाईट वाटलं, कारण तिचा हिशेब चुकीचा असला तरी त्यात खोट काढता येत नव्हती. मी बसलो की खरंच बंद पडत नव्हता. मी पाच मिनिटं बसायचो, ती तासभर, हा फरक तिला कसा पटवायचा?

मग मी शहाण्यांकडं गेलो.

पहिले शेजारचे काका. रिटायर वायरमन. नोकरीत होते तेव्हा खांबावर कमी आणि खांबाखाली जास्त दिसायचे, पण रिटायर झाल्यापासून त्यांच्या बोलण्यातला दाब फार वाढला आहे. खुर्चीला पाठ टेकायच्या आधीच म्हणाले, "व्होल्टेज."

"काका, पंखा चालू राहते. ट्यूब चालू राहते."

"पंख्याले काय समजते? हे नाजूक काम आहे. स्टॅबिलायझर घे."

घेतला. लाल आकडे दाखवणारा, काकांनी पसंत केलेला. दुसऱ्याच दिवशी बहिणीचं बोलणं अर्ध्यात तुटलं आणि काळ्या स्क्रीनशेजारी ते लाल आकडे तसेच झळकत राहिले. काकांना बोलावून आणलं. त्यांनी आकड्यांकडं पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "पाह्य. करंट कसा बरोबर येऊन राह्यला."

"पण बंद पडला नं, काका."

"मंग अर्थिंग."

अर्थिंगसाठी अंगणात खड्डा. खड्ड्यात कोळसा आणि मीठ. वरून सकाळ-संध्याकाळ पाणी. तुळशीला पाणी घालायचा मला कंटाळा, पण त्या खड्ड्याला मी नेमानं पाणी घातलं. त्या मिठानं बायकोचा मोगरा वाळला. कॉम्प्युटर पडायचा तसा पडत राहिला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, म्हणतात ते हेच. काकांना मोगऱ्याचं सांगितलं तर म्हणाले, म्हणजे अर्थिंग चांगली लागली.

दुसरे शहाणे पांढरकवड्याचे. तिथं एकाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आमच्या तालुक्यातलीसुद्धा माणसं तिकडं जातात. डबा गोणपाटात गुंडाळून, मोटरसायकलवर पुढं टाकीवर ठेवून, दोन्ही मांड्यांनी धरून मी नेला. हायवेवर ट्रकवाले हॉर्न मारून मला बाजूला सारत होते आणि मी त्या डब्याला लेकरासारखा सांभाळत होतो. दुकानदारानं गालातला खर्रा एका बाजूला सारला, डब्याकडं लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "व्हायरस. फॉरमॅट मारा लागते."

"अजून तं चालू करून पाह्यला नाही तुम्ही."

"रोजचं काम आहे आमचं, भाऊ."

रोजचं काम असल्यामुळं पाहायची गरज नसते, हे मला त्या दिवशी समजलं. त्यानं फॉरमॅट मारला. त्याच्या दुकानात डबा संध्याकाळपर्यंत चालला. घरी आणला, आई बसली, बहिणीनं "आई, जेवली का?" इतकं विचारलं, थोडं पुढं बोलली, आणि गेला. परत नेला. आता म्हणाला, पॉवर सप्लाय. तो बदलला. दुकानात पुन्हा दिवसभर चालला. घरी पुन्हा मेला. डब्याला आमच्या घराचंच वावडं असल्यासारखं झालं होतं.

आणि याच माणसानं खरा घात केला. दुसऱ्या दुरुस्तीनंतर त्याला वणीकडं काही काम होतं, तर जाता जाता डबा घरी आणून द्यायची त्यानं मेहरबानी केली. नेमका त्या दिवशी त्याच्या तोंडात खर्रा नव्हता. दारातल्या भर उजेडात उभा राहून, आईसमोर, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत तो मला म्हणाला, "मशीन एकदम ओके आहे. मशीनमधी काहीच खराबी नाही."

आईनं ते वाचलं. तिच्या चेहऱ्यावरून समजलं मला. इतके दिवस मी मशीन खराब, मशीन खराब म्हणत होतो, तिला थोडीशी आशा असेल. ती गेली.

"सांगून गेला तो," ती म्हणाली. "मशीन चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आलो तर टोपलं समोरच्या खोलीत नव्हतं. आई मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, भिंतीला टेकून वाती वळत बसली होती. मी खुणेनं म्हटलं, चल, कॉल लावतो. तिनं मान वर न करता सांगितलं, "तिले सांग, आई देवळात गेली."

मी सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तिसऱ्या दिवशी बहिणीनं मला दुकानात फोन केला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला मी थांबवलं.

"दादा, आई मुद्दाम उठून जाते का?" ती म्हणाली. "मी बोलत असतो, आई खाली पाहते आणि कॉल बंद होते. मंग लावला तं देवळात गेली. मी बाळंतपणाले नाही आली म्हून रागावली का ते माह्यावर?"

"नाही व. मशीन बंद पडते."

"इतकी बंद पडते? रोज? मी बोलली का लगेच?" आणि रडायला लागली. डॉक्टरांनी तिला रडायचंही नाही असं सांगितलं होतं. "दिवस जवळ आले, दादा. मले तिच्याशी बोलाचं आहे. माह्यावर राग ठेवून नोको राहू म्हणा तिले."

म्हणजे इकडं हिला वाटतं तिनं ठेवला, तिकडं तिला वाटतं हिनं ठेवला. दोघींच्या मधे एक पत्र्याचा डबा, आणि त्या डब्याचा ठेका घेतलेली गावभरची अक्कल. मला भीती वाटायला लागली. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आईच म्हणते. त्या वेळी बहीण तिथं अशी समजूत करून घेऊन पडलेली आणि आई इथं अशी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी बहिणीला सांगितलं, उद्या नाही तर परवा आई बोलेल. कशाच्या जोरावर सांगितलं ते मला माहीत नव्हतं.

मी पुन्हा पांढरकवड्याला गेलो, पण या वेळी डबा टाकून परतलो नाही. स्टूल घेतलं आणि त्याच्या दुकानातच बसलो. दुकानदाराला ते आवडलं नाही. "बसाची गरज नाही भाऊ," म्हणाला. मी म्हटलं, "मले बसाची सवय आहे. मी पण दुकानदार आहे." त्यानं डबा घेतला, एका बाजूचा पत्रा काढला, आत ब्रश फिरवला, वायर लावली आणि व्हिडिओ लावून दिला. डबा चालत राहिला. दुपार झाली, त्याचं जेवण झालं, डबा चालतोच आहे.

"पाह्य," तो म्हणाला. "मी सांगतलं होतं नं. तुमच्या घरीच काही लफडं आहे."

मग बाजूचा पत्रा घेतला आणि स्क्रू पिळून लावायला लागला.

मी पाहत होतो. त्याच्या टेबलावर आणखी डबे होते, सगळे उघडे. त्याच्याकडं प्रत्येक डबा उघडाच चालतो. पत्रा लागतो तो फक्त गिऱ्हाइकाच्या हातात देताना. आणि आमच्या घरी? आमच्या घरी पत्रा लावलेला, वर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, धूळ जाऊ नये म्हणून वायरींपुरती फट सोडून चारी बाजूंनी नीट खोचलेला. कॉल चालू असतानाही ती तो काढायची नाही. मी म्हटलं होतं एकदा, तर म्हणाली होती, असू दे, अंगावर असलेलं बरं.

"हा पत्रा लावून चालवून दाखवा," मी म्हणालो.

"तेवढा टाइम नाही, भाऊ. गिऱ्हाईक आहे." दुकानात मी सोडून कुणी नव्हतं.

घरी आलो आणि डबा टेबलावर घेतला. बायको म्हणाली, "आता तुम्ही उघडता का? तेवढंच राह्यलं होतं." मी उघडला. पत्रा बाजूला ठेवून चालू केला आणि व्हिडिओ लावून ठेवला. अर्धा तास झाला तरी चालू. मग पत्रा लावला, लुगड्याचा तुकडा घातला. घरघर सुरू झाली, वाढली, आणि टक्. पुन्हा पत्रा काढून आत हात घातला तर चटका बसला. डब्याच्या मधोमध एक छोटा पंखा असतो, त्याच्याखाली लोखंडी पात्यांचा ठोकळा, तिथं. पंखा वरून स्वच्छ होता, दुकानदाराच्या ब्रशनं चकाचक केलेला. खाली त्यानं कधी पाहिलं नव्हतं. रोजचं काम ना त्याचं.

थंड होईपर्यंत थांबलो, वायर काढली, मग पंख्याचे स्क्रू सोडवले आणि पंखा उचलला. आणि आईला बोलवायला सपरीत गेलो.

ती येत नव्हती. "मले नाही बोलाचं," म्हणाली. मी तिच्यासमोर बसून ओठ हलवले, "बोलू नोको. फक्त पाह्य."

ती आली, टेबलाशी उभी राहिली आणि वाकून पाहिलं. पंख्याखाली पात्यांवर एक गादी बसली होती. पांढरी, थोडी राखाडी, थरावर थर दाबून बसलेली, जराही फट नाही. मी बायकोचा छोटा चिमटा आणला आणि ती सबंधच्या सबंध काढली. आईनं हात पुढं केला. मी तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं ती दोन बोटांत धरून ओढून पाहिली. तंतू सुटे झाले. नाकाजवळ नेली. "राख आहे याच्यात," ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहिलं. "हा तं माह्या वातीचा कापूस आहे."

"होय," मी म्हणालो. "तू खाली बसून पिंजतं. तो उडते. हा पंखा आत ओढून घेते."

"मंग?"

"मंग हवा कोंडते. मशीन तापते. तापली का सोताच बंद होते, जळू नये म्हून."

"सोताच?"

"सोताच. कोणी बंद नाही करत."

तिनं माझे ओठ नीट वाचले असतील की नाही म्हणून मी पुन्हा म्हटलं, सावकाश. "कोणी बंद करत नव्हतं, आई."

तिनं हातातला कापूस उलटा करून पाहिला. दारात बायको उभी होती. तिला बोलल्याशिवाय राहवत नाही, पण ती हळूच बोलली, "काखेत कळसा आणि साऱ्या गावाले चहा."

"म्हणजे ती नव्हती ठेवत," आई म्हणाली.

"नव्हती."

"मीच तिच्या तोंडात कापूस कोंबत होती." हे ती मला नाही म्हणाली, त्या कापसाला म्हणाली. मग तो तिनं पदराच्या टोकाला बांधला. टाकू नको म्हणाली, महादेवाचा आहे. डोळे पुसले ते त्याच पदरानं.

मी पात्यांमधून राहिलेले तंतू काढले, पंखा बसवला, स्क्रू पिळले. डबा टेबलाखालून काढून वर ठेवला, स्क्रीनच्या शेजारी. लुगड्याचा तुकडा बायकोनं न विचारता उचलून नेला. पत्रा मात्र मी लावला, मुद्दाम लावला, कारण मला पत्रा लावूनच चालवून पाहायचा होता. आणि कॉल लावला.

बहीण लगेच दिसली. फोन हातातच धरून पडली असावी. चेहरा सुजला होता. आई टेबलासमोर खुर्चीवर बसली होती, टोपलं नाही, मांडीवर हात नुसते ठेवलेले. त्या हातांना काय करावं समजत नव्हतं.

"जेवली?" आईनं विचारलं.

बहिणीनं मान हलवली आणि रडली. आईनं रडू दिलं. मग तिला सांगितलं, कापसाचं, पंख्याचं, सारं काही. तिच्या पद्धतीनं, आधी शेवट आणि मग सुरुवात. पदराची गाठ सोडून ती गादी स्क्रीनसमोर धरून दाखवली. "हे पाह्य. हे होतं मधी." बहीण रडता रडता हसायला लागली.

मग त्या बोलल्या. पायांवरची सूज, डाळ पचत नाही, बाळ कोणत्या बाजूला लाथ मारतं, सासू काय म्हणते, मोगरा कसा वाळला. मी डब्यावर हात ठेवून बसलो होतो. कोमट होता, आवाज एकसारखा येत होता. रोज ज्या सुमाराला तुटायचं तो सुमार आला तशी बहीण बोलता बोलता थांबली, आता जाईल म्हणून. नाही गेला. ती पुढं बोलली. पुन्हा थांबली, पुन्हा पुढं बोलली. नंतर थांबायचं विसरली.

शेवटी ती थकली. पडूनच होती, तरी थकली. स्क्रीनच्या अगदी जवळ आली, ओठ मोठे करून, एकेक अक्षर वेगळं करून विचारलं, "आई, ठेवू?"

मला वाटलं आई "ठेव" म्हणेल. पण तिनं तोंड वळवून माझ्याकडं पाहिलं. आई बोलणं चालू असताना कधी तोंड वळवत नाही, वळवलं की तिचं ऐकणं बंद होतं.

"पाह्यलं?" ती मला म्हणाली. "इचारते ती. इचारल्याबिगर ठेवत नाही."

आणि परत वळून लेकीकडं पाहत बसली. बहीण मान तिरकी करून उत्तराची वाट पाहत होती. "ठेव" म्हटल्याशिवाय तिला ठेवता येत नव्हतं, आणि आई काही म्हणत नव्हती.